हक्कसोडाची साडी

वडील गेल्यावर चिखलीतलं घर विकायचं ठरलं आणि मला सासरी, वडनेर भोलजीला, निरोप आला, तो फक्त सहीपुरता. आमच्याकडे बहिणीने हिस्सा सोडायचा, भावांनी तिला साडीचोळी करायची, असंच चालत आलंय. हिस्सा मागितला की माहेर तुटतं. मला माहेर हवं होतं, म्हणून मी मुकाट गेले.

घर अजून वडिलांच्याच नावावर. घेणारा म्हणाला, आधी कागद साफ करा. मग वारसनोंद, पेपरात जाहीर नोटीस, वकिलाची फी, माझं हक्कसोडपत्र. हा खर्च कोणी करायचा, यावरून सकाळीच दोघे भाऊ अंगणात जुंपले.

"तू फुकट राह्यला या घरात, तूच भर," धाकटा म्हणाला.

"बापाचं हागणंमुतणं म्या काढलं. तवा कुठी होता बे तू?" दादाने त्याची गचांडी धरली.

धाकट्याने त्याच्या नाकावर डोकं हाणलं. रक्ताने दादाचा सदरा भिजला. त्याने भिंतीशी ठेवलेला फावड्याचा दांडा उचलला.

"दादा, मरून जाईन तो!" म्हणत मी मध्ये पडले आणि दांडा माझ्या मनगटावर बसला. बांगड्या फुटून मांसात घुसल्या.

दोघेही थांबले. मला वाटलं, आता कोणीतरी पाणी आणेल.

"सहीचा हात हाये का तो?" दादाने विचारलं.

नव्हता. सहीच्या हाताने मी त्याच्याकडचा दांडा हिसकला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? धाकटा हसला, म्हणून त्यालाही पाठीत एक ठेवून दिला.

"खर्चाचे तीन वाटे करा," मी ओरडले, "अन् घराचेबी तीनच! हक्कसोड गेलं खड्ड्यात."

माझ्यासाठी आणलेली साडी खाटेवर होती. तिचाच पदर फाडून मी मनगट बांधलं आणि एसटी गाठली.

तिघांनी सारखा खर्च केला, तिघांच्या सह्यांनी घर विकलं, माझा हिस्सा मला मिळाला. त्यानंतर दोघांपैकी एकाचाही फोन नाही. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. दोन भाऊ असून आता मीही त्यालाच ओवाळते.