प्रगतीला न चढलेली दारू

श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनने तिसऱ्यांदा शून्य दाखवलं, तेव्हा सावंतांनी ते माझ्या टेबलावर आपटलं.

"मॅडम, मशीन बाद झालंय. तुम्हीच सर्टिफिकेट द्या, ही पिऊन आलीये म्हणून."

मी रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मेडिकल ऑफिसर आहे. राहते पेणला, कंपनीच्या बसने येऊन-जाऊन करते. कारखान्यातल्या डॉक्टरकडे भाजलेले हात येतात, डोळ्यात उडालेलं ॲसिड येतं, आणि सुट्टी हवी असली की पोटदुखी येते. सावंत आमचे सिक्युरिटी ऑफिसर. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आणि "ही" म्हणजे प्रगती पाटील, लॅबमधली केमिस्ट. रामवाडीच्या थांब्यावर आमच्याच बसमध्ये चढायची. अठ्ठावीस वर्षांची, बोलायला फटकळ, कामाला चोख.

"पाय वाकडे पडत होते हिचे," सावंत म्हणाले. "रिॲक्टरकडून लॅबकडे येताना दोनदा रेलिंगला धडकली. मी डोळ्यांनी बघितलं."

"मी दारूचा वास पण घेत नाय," प्रगती म्हणाली. "आमच्या घरात कोण पिऊन आला तर त्याला उंबऱ्याबाहेर मीच काढते."

मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. माझ्या खोलीत एसी आहे. थोड्या वेळाने चालायला सांगितलं, तर नीट चालली. वळली, परत आली, बसली.

"बघा," सावंत म्हणाले, "उतरली."

मी सर्टिफिकेट दिलं नाही. रक्त तपासायला पाठवलं. त्यात दारू नव्हती, साखर ठीक, थायरॉइड ठीक, बी-ट्वेल्व्ह ठीक. सावंतांनी नवीन मशीन मागवलं. त्यानेही शून्य दाखवलं. यातून कंपनीत एकच निष्कर्ष निघाला, की प्रगती पाटील अशी काहीतरी दारू पिते जी मशीनमध्ये येत नाही. कँटीनमध्ये दोघा-तिघांनी तिला बाजूला घेऊन हळूच ब्रँड विचारला. एकाने तर अदबीने विचारलं, "ताई, कुठे मिळते?"

ती ते ऐकून हसली नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. नागोठणं गेल्यावर म्हणाली, "मॅडम, मला कामावरून काढतील का हो? बाबा गेल्यापासून घर माझ्यावर हाय."

मी म्हटलं, "बघू." डॉक्टरला काही कळलेलं नसलं की तो बघू म्हणतो.

पुढच्याच आठवड्यात प्लँट हेडनी मीटिंग लावली. साहेब स्वभावाने सज्जन, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचं "क्लोजर" हवं असतं. कॉन्फरन्स रूममध्ये सावंत, लॅब इन्चार्ज, इलेक्ट्रिकलचे ठाकूर, मी आणि प्रगती. ठाकूर तिथे का, ते मला कळेना.

सावंतांनी तयारी केली होती. जमिनीवर पिवळी टेप लावून सरळ रेघ आखली होती. "मिस पाटील, यावरून चाला."

प्रगती चालली. टाच बोटांना लावून, एकदाही न डगमगता.

साहेबांनी सावंतांकडे पाहिलं. सावंत डगमगले नाहीत. "सर, यावरूनच सिद्ध होतं. आज पिऊन आलेली नाही. म्हणजे त्या दिवशी पिऊन आली होती."

साहेब मान हलवू लागले होते. तेवढ्यात लॅब इन्चार्ज म्हणाले, "सर, माझीही एक तक्रार आहे. हिची टायट्रेशन्स चुकतायत."

टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब टाकत जायचं आणि गुलाबी रंगाची पहिली छटा दिसली की थांबायचं. प्रगती उशिरा थांबत होती. तिचा गुलाबी इतरांच्या मानाने फारच गुलाबी असायचा.

"आम्ही रंग दाखवणाऱ्या इंडिकेटरची बाटली बदलली, सर. सप्लायरला मेल केला. त्याने माफी मागून नवा लॉट पाठवला. तरी तेच."

"आणि माझं काय?" ठाकूर उसळले. "सर, हिने तक्रार केली की लॅबमध्ये करंट लागतो. मी अख्ख्या लॅबचं अर्थिंग तपासलं. मागचा अर्थिंगचा खड्डा उकरून कोळसा-मीठ नव्याने भरलं. टेबलाखाली रबर मॅट टाकली. लाकडी स्टूल दिलं. तरी ही म्हणते लागतो!"

"लागतो तर लागतो म्हणणार," प्रगती म्हणाली.

माझी झोप उडाली. दुपारच्या मीटिंगमध्ये ती थोडी असते.

"प्रगती," मी विचारलं, "करंट नेमका कधी लागतो?"

"वजनकाट्याचा आकडा बघायला वाकते तेव्हा."

"काट्याला हात लावल्यावर?"

"नाय. मान खाली घातली की. मानेतून निघतो तो पाठीतून पार पायात जातो. झर्रकन."

"घरी लागतो?"

"भांडी घासताना लागतो. पण आमचं न्हाणीघर ओलं असतं, म्हणून मला वाटलं…"

"घरचं अर्थिंग पण बघू का?" ठाकूर म्हणाले.

मी उठले. दाराशी लाल फायर एक्स्टिंग्विशर टांगलेला होता. "उजवा डोळा झाक. हा कसा दिसतो?"

"लाल."

"आता डावा झाक."

ती बघत राहिली. पुन्हा डोळा बदलला, पुन्हा बदलला. "मॅडम, ह्या डोळ्याने तो उन्हात विटलेल्या साडीसारखा दिसतो."

लॅब इन्चार्जांनी मुकाट्याने स्वतःचा एक डोळा झाकून एक्स्टिंग्विशर बघितला. मग ठाकूरांनी. मग साहेबांनीही. काही क्षण कंपनीचं सगळं वरिष्ठ व्यवस्थापन एका हाताने डोळा झाकून भिंतीकडे बघत होतं.

"याआधी कधी काही झालं होतं?" मी विचारलं.

दोनेक वर्षांपूर्वी तिचा डावा पाय बधिर झाला होता. कमरेच्या नसेचं दुखणं समजून कुणी पट्टा दिला. आईने मीठ ओवाळून टाकलं. काही आठवड्यांनी पाय आपोआप सुधारला. पट्टा देणाऱ्याला वाटलं पट्ट्याने, आईला वाटलं मिठाने. प्रगती ते विसरूनही गेली होती.

आता एक प्रश्न उरला होता. ती कॉन्फरन्स रूममध्ये सरळ आणि प्लँटमध्ये वाकडी का चालते? मी साहेबांना म्हटलं, "रोजचं सॅम्पल आणायला तिला जाऊ द्या. आपण सोबत जाऊ. तिला मुद्दाम दमवायचं नाही."

हेल्मेट घालून आमची वरात रिॲक्टरकडे निघाली. सावंतांनी टेप घेतली, मशीन घेतलं. मी एक खुर्ची उचलायला लावली. रिॲक्टरच्या मजल्यावर दुपारी भट्टीसारखी धग असते. प्रगतीने सॅम्पल घेतलं, थोडा वेळ उभी राहिली. सावंतांनी टेप लावली. ती चालू लागली आणि चौथ्या पावलाला तिचा पाय रेघ सोडून भलतीकडेच गेला. मी आणि ठाकूरांनी तिला धरून खुर्चीत बसवलं.

"फुंका," सावंत म्हणाले.

तिने फुंकलं. शून्य.

"हे पण खराब," असं म्हणत सावंतांनी स्वतः फुंकून बघितलं. मशीन कर्कश वाजलं. लाल दिवा लागला.

सगळ्यांच्या माना सावंतांकडे वळल्या.

"होमिओपॅथी आहे, सर," सावंत घाम पुसत म्हणाले. "गुडघ्यासाठी. आत्ताच थेंब घेतलेत. ते अल्कोहोलमध्ये असतात. मॅडम, सांगा ना तुम्ही!"

मी सांगितलं. खरंच असतात.

खाली आल्यावर मी तिला माझ्या खोलीत तपासलं. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय थोडा उडतो. तिचा जोरात उडाला. तळपायाला किल्ली ओढली की अंगठा खाली वळायला हवा. डाव्या पायाचा वर गेला. याचा अर्थ बिघाड मेंदूत किंवा मणक्यातल्या मुख्य तारांमध्ये होता. दारूने असं होत नाही.

माझ्या मनात जे नाव आलं ते मी फक्त पुस्तकात आणि शिकताना एक-दोनदा पाहिलं होतं: मल्टिपल स्क्लेरोसिस. आपल्या नसांवर एक वेष्टण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था ते वेष्टण कुरतडते. आज डोळ्याच्या नसेवर, उद्या मणक्यात, मध्ये कित्येक महिने काहीच नाही. त्रास येतो आणि बऱ्याचदा आपोआप ओसरतो, म्हणून सगळ्यांना वाटतं आपला उपाय लागू पडला. अंग तापलं की सोललेल्या वायरमधून निरोप नीट जात नाही, गार झालं की पुन्हा जातो. मान वाकवल्यावरचा करंट हेही त्याचं एक ठरावीक लक्षण. एकच अशी तपासणी नाही जी ठाम हो म्हणेल. आणि असंच दिसणारे दुसरे आजार पुष्कळ.

मी तिला नवी मुंबईच्या न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, सोबत गेलेही. एमआरआयमध्ये मेंदूत आणि मानेच्या मणक्यात पांढरे डाग निघाले, काही जुने, काही ताजे. तरी त्यांनी घाई केली नाही. क्षयापासून इतर सगळं आधी तपासायचं म्हणाले, आणि तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढायचं.

इथे प्रगतीची आई अडली. पेणच्या खाडीकाठची, मिठागरात जन्म गेलेली बाई. "पाठीतला पानी काडला का मानूस लुला परतो. आमच्या गावान झायलाय. मी नाय देनार. मीठ उतरवीन मी परत, आमच्याच आगरातला हाय."

मी समजावलं, न्यूरोलॉजिस्टनी समजावलं. ती ऐकेना. तेवढ्यात कॉरिडॉरमधून सावंत आले. त्यांना कुणीच बोलावलेलं नव्हतं.

"मावशी, माझ्याही अंगातलं पाणी काढलं होतं आर्मीत. बघा!" आणि त्या माणसाने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये छाती पुढे काढून चक्क परेड केली. डावा-उजवा, पीछे मुड, थम. एक नर्स ट्रॉली घेऊन भिंतीला चिकटली.

आईने त्यांच्याकडे नीट बघितलं. "काडा," म्हणाली.

नंतर मला कळलं, सावंतांचं पाणी गुडघ्यातून काढलेलं होतं.

निदान पक्कं झालं. न्यूरोलॉजिस्टनी नाव सांगितलं तेव्हा प्रगती रडली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर म्हणाली, "मॅडम, घाबरून नाय रडत. एवढे दिवस मलाच वाटायला लागलं होतं, मी नाटक करते काय."

आईने विचारलं, "जाल का पन ह्यो रोग?"

"मुळापासून जाणार नाही," न्यूरोलॉजिस्ट म्हणाले. "पण थोपवता येतो. औषध सोडायचं नाही."

सलाईनमधून काही दिवस स्टेरॉइड दिलं, मग कायमचं औषध सुरू झालं. प्रगती कामावर परत आली. रिॲक्टरवरचं सॅम्पल आता दुसरा केमिस्ट आणतो. ती एसीतल्या तपासणी-मशीनवर बसते. तिचा करंट थांबला, त्याचं श्रेय ठाकूरांनी अर्थिंगच्या खड्ड्याला दिलं.

साहेबांनी क्लोजर म्हणून माझं एक भाषण ठेवलं. परिणाम असा झाला, की पुढच्या काही दिवसांत निम्मा प्लँट झिणझिण्या घेऊन माझ्याकडे आला. सगळ्यांना हातोडी मारली, सगळ्यांच्या तळपायांवर किल्ली ओढली. कुणालाच काही नव्हतं. एका फिटरच्या हाताला मात्र खरोखर करंट लागत होता. त्याचं ड्रिल मशीन लीक होतं.

गेल्या महिन्यात प्रगतीला पुन्हा त्रास झाला. दोन बोटं बधिर झाली. या वेळी तिने कुणाकडेच तक्रार केली नाही, सरळ माझ्याकडे आली आणि त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडे गेली. आता ठीक आहे. पुढे काय होईल ते ती विचारत नाही आणि मला खात्रीने सांगता येत नाही.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. माणूस स्वतःच्या दुखण्याचे तुकडे करून ज्याचं त्याला देतो, आणि जो तो आपल्या वाट्याचा तुकडा दुरुस्त करून मोकळा होतो. म्हणून मी आता साध्या पोटदुखीलाही विचारते, "आणखी काय?" उत्तर बहुतेक वेळा "काय नाय, सुट्टी पायजे" असंच येतं. तरी विचारते.