सुताचं पाणी आणि मामा

सूत धुतलेलं पाणी मोरीत सोडायच्या आधी मामा ते ओंजळीत घेऊन उन्हात धरायचे. तळहाताच्या रेषा दिसल्या, की म्हणायचे, "हे अजून दमलं न्हाय. ठेवा." मग ते पाणी पिंपात जायचं.

सोलापुरात चादरींचं सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात मामा मुख्य रंगारी होते आणि मी कारकून. घरी ते तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी. मालकांसकट सगळे त्यांना मामाच म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळात कारखान्याची विहीर पार तळाला गेली. पाऊस पडेपर्यंत रंगखातं बंद ठेवायचं मालकांनी ठरवलं. म्हणजे तिथल्या माणसांनी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. मामांनी आठ दिवस मागून घेतले. रंगवलेलं सूत तीनदा धुवावं लागे. तिसऱ्या धुण्याचं पाणी बरंच स्वच्छ राही, ते पुढच्या सुताच्या पहिल्या धुण्याला वापरायचं, असा त्यांचा बेत. पहिल्याच दिवशी पिवळ्या सुतावर लाल झाक आली. मालकांनी ती लड मामांपुढे धरली. मामा म्हणाले, "चूक माझी हाय. रंगांचा क्रम धरला न्हाय." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आधी फिके रंग, मग गडद, अशी पाळी लावली. खडी फोडायला कुणालाच जावं लागलं नाही.

दोनेक वर्षांनी दिल्लीहून एक अधिकारी आले. कारखान्यांत वाया जाणारं पाणी, सूत, रंग पुन्हा वापरात यावेत, यासाठी देशभराचं धोरण ठरवायचं चाललं होतं. गावातल्या सगळ्या रंगवाल्यांची सभा बोलावली होती. निघताना मालक म्हणाले, "मामा, वरवरचं सांगा. युक्ती आपली आहे." मामांनी मान डोलावली.

सभेत मात्र त्यांनी सगळं सांगितलं. रंगांचा क्रम, पिंपांची मांडणी, पहिल्या दिवशीची चूकसुद्धा. मागे बसलेल्या, घरीच सूत रंगवणाऱ्या छोट्या रंगाऱ्यांनी तेलुगूत विचारलं, त्यांना तेलुगूत समजावलं. शेवटी अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, सक्ती जरूर करा. पण गल्लीतल्या रंगाऱ्याकडं टाकीला जागा कुटं हाय? चार घरांत मिळून एक टाकी द्या, मग नियम लावा." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मामांना कामावरून काढलं. फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले.

"मग मान कशाला डोलावली होती, मामा?"

"मालकाचं मन मोडवंना. पण तितं आमच्या गल्लीतले समोर बसलेले. त्यांच्या विहिरी पण आटल्या होत्या की, बाई."

धोरणाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. टाक्या काही आल्या नाहीत. मामाच घरोघरी जाऊन पिंपं मांडून देऊ लागले.

लग्न ठरल्यावर मी सोलापूर सोडलं. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला मामांच्या घरी गेले, तर अंगणात आमच्या कारखान्यातला नवा रंगारी बसलेला. सूत बिघडत होतं, म्हणून मालकांनीच त्याला पाठवलं होतं. मामांनी त्याला आधी चहा दिला, मालकांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि पिंपापाशी नेलं.

"थांबा बाई, ह्याला एवढं दाखवून येतो."

मी पायरीवर बसून राहिले. गाडीची वेळ झाली, तेव्हा मामा त्याला तिसऱ्यांदा समजावत होते. मी चपला घातल्या आणि हाक न मारता निघाले.