मावशींच्या एकोणीस बिया

शाळेत घंटा देणाऱ्या बाईंना मुख्याध्यापकांपासून बालवाडीतल्या शेंबड्या पोरापर्यंत सगळे मावशीच म्हणत. सत्तावीस वर्षं त्यांनी वर्ग झाडले, पडलेल्यांचे गुडघे धुतले. पण शिकवणं हे आपलं काम नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की एखाद्या बाई फळ्यावर चुकीची तारीख लिहून गेल्या तरी मावशी गप्प. याला शहाणपण म्हणायचं की भित्रेपणा, तुम्हीच ठरवा.

विज्ञानाच्या बाईंनी सातवीच्या मुलांना घेऊन मागच्या मोकळ्या जागेत भाजीबाग करायचं काढलं. पोरांनी आठवडाभर विटांचे तुकडे वेचले, हातांना फोड आणून वाफे केले. घरून बी आणायला सांगितलं, तेव्हा मावशींनीही एक काचेची बाटली आणली. तिच्यात राख, आणि राखेत घेवड्याच्या एकोणीस बिया. जांभळ्या कडेच्या शेंगांचा हा घेवडा मावशींच्या आईच्या अंगणातला. आई गेली, अंगणावरून रस्ता गेला, उरलं ते एवढंच. मावशी दरवर्षी गॅलरीतल्या दोन बादल्यांत तो लावून बी धरत. पण समोर सहा मजले उभे राहिले, ऊन गेलं, आणि दोन वर्षं एक शेंग धरली नाही. आणखी ठेवलं तर बी रुजणारच नाही, म्हणून मावशींनी मन घट्ट करून सगळ्या बिया वाफ्यात टाकल्या.

सहाच उगवल्या. पण काय माजल्या म्हणता! पोरांनी काठ्या रोवल्या, सुतळ्या ताणल्या, पाणी घालण्यावरून भांडणं केली. वेलांना शेंगा लागल्या, तशा मावशी मधल्या सुट्टीत डबा टाकून तिकडेच.

चांगल्या भरतील अशा बारा शेंगांना त्यांनी लाल दोरा बांधला. त्या वेलावरच वाळू द्यायच्या, हलवल्यावर आत बी खुळखुळलं की मगच तोडायच्या, ही आईची रीत. हे मुलांना समजावून सांगायला हवं होतं. पण बाई शेजारी उभ्या. त्यांच्यादेखत आपण काय शिकवायचं? मावशी एवढंच म्हणाल्या, "दोरा बांधलेल्यांना कुणी हात लावू नका. त्या माझ्या आहेत." अहो, आणखी एक वाक्य बोलल्या असत्या तर काय जीभ झडणार होती?

पुढच्या आठवड्यात बाग बघायला पाहुणे यायचे होते, आणि नेमकं त्याच दिवशी क्लार्कने मावशींना एका कागदावर शिक्का आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं. तिथला साहेब जेवायला गेलेला, तो आला तर शिक्का कुलपात. परतायला तीन वाजले.

वाफा रिकामा होता. पाहुण्यांसमोर तोडणी झाली होती, आणि पालक पेरायला जागा हवी म्हणून बाईंनी वेल मुळासकट उपटायला लावले होते. ते कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्यात पडले होते. मावशी खड्ड्याशी वाकून लाल दोरा शोधू लागल्या.

एवढ्यात सातवीतली चिमणी धावत आली. बागेत सगळ्यात जास्त राबलेली हीच. तिच्या हातात कागदाची पुडी, आणि पुडीत दोऱ्यासकट बाराच्या बारा शेंगा.

"पाहुण्यांना या हव्या होत्या," ती धापा टाकत म्हणाली. "बाईंनी पण द्यायला सांगितलं. मी नाही दिल्या. वेल उपटायच्या आधीच तोडून ठेवल्या. मावशींनी स्वतःच्या जेवणासाठी राखल्यात म्हटलं."

मावशींनी एक शेंग सोलली. आतलं बी हिरवं, पाणचट; नख लावताच चिरडलं. दुसरी सोलली, तेच. अजून पंधरा दिवस तरी हवे होते. तिसरी सोलायचा त्यांना धीर झाला नाही.

ओरडायचं तरी कुणावर? त्या शेंगा बियांसाठी राखल्यात, हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ही पोर तर मावशींच्या मायेपोटी पाहुण्यांशी वाकडं घेऊन बसलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मावशींचे डोळे भरून आले, तर चिमणीला वाटलं, आनंदाने आले. ती आणखीच खुलली.

"पुढच्या वर्षी जास्त बी आणाल ना, मावशी? सगळ्या वर्गांना पुरेल एवढं?"

"आणीन," मावशी म्हणाल्या. ते बी आता जगात कुठेच नव्हतं.