शेठची शोकसभा आणि वेसाव्याचं गाणं

साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघालो तेव्हा बायकोने विचारलं, "ते शेठ तुमचे कोण लागत होते?" कोणीच नाही. माझं कॅसेटचं दुकान होतं आणि शेठची कंपनी लोकगीतांच्या कॅसेटी काढायची, एवढंच नातं. दुकान बंद होऊनही बरीच वर्षं झाली. तरी शोकसभेचं निमंत्रण आलं, जेवणाच्या कुपनासकट. मरणाला कुपन चिकटवलेलं दिसलं की मला शंका येते.

अंधेरीत रिक्षावाल्याने आधी भलत्याच हॉलवर उतरवलं. तिथे माझ्या कपाळाला गंध लागल्यावर कळलं, हे लग्न आहे. शोकसभेच्या हॉलच्या दारात शेठ पुठ्ठ्याचे होऊन उभे होते, हयातीतल्यापेक्षा हातभर उंच. वर फलक होता : 'लोकगीतांचे जनक'. म्हणजे लोकांचा संबंध संपला.

शेजारच्या खुर्चीवर चांगुणाबाई होत्या. वेसाव्याच्या (वर्सोव्याला कोळी वेसावा म्हणतात) धवलारीण, म्हणजे लग्नघरी गाणी रचून म्हणणारी बाई. व्यासपीठावर एक वक्ता रडत असताना कंपनीचा माणूस श्रद्धांजलीची वही घेऊन आला. वहीखाली आणखी एक कागद होता, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारलेला.

"मावशी, इथे पण सही करून टाक ना. सगळेच करतायत."

"चष्मा घरी राहिला. दादा, तुम्ही वाचा."

मी मोठ्याने वाचलं. चांगुणाबाईंनी कंपनीच्या कॅसेटसाठी शिकवलेलं हळदीचं गाणं पारंपरिक आहे, त्यावर त्यांचा कोणताही हक्क नाही, असं लिहून घेत होते. खाली स्टॅम्प. शोकाला स्टॅम्प कशाला लागतो, असं मी विचारलं.

"काका, कंपनी विकतोय. फॉर्मॅलिटी आहे," तो म्हणाला.

"पारंपरिक म्हंजे?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"जुनं. कुणा एकाचं नसलेलं."

"अरे, माझ्या राघूच्या हळदीला मी बांधलं ते! त्याच्या होडीचं नवं इंजिन पण आहे त्यात. तुझ्या पणजोबाकडं होतं काय रे इंजिन?"

मागची रांग शोक विसरून हसली. इतक्यात माइकवरून पुकारा झाला : शेठच्या आवडत्या पारंपरिक गाण्याने चांगुणाबाई श्रद्धांजली वाहतील. कागदवाला कानाशी वाकला. "आधी सही कर मावशी, मग गा. नाहीतर गाणंच काढून टाकतील नवे कंपनीवाले. कुठे ऐकायला पण मिळणार नाही."

चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. त्यांचा मुलगा राघू गेल्याला सहा वर्षं झाली होती. त्याचं नाव आता त्या गाण्यातच घेतलं जायचं. त्यांनी पेन हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं. साताऱ्याच्या माणसाने वेसाव्याला काय सांगावं? मग पेन वहीत ठेवून त्या उठल्या.

माइकसमोर म्हणाल्या, "गाण्याआधी कुणाचं घर ते सांगायचं, ही आमची रीत. शेठनी हे गाणं गावोगाव नेलं, तेचं पुण्य तेंना. पण घर माझ्या राघूचं, आन् गाणं मी चांगुणानं बांधलंय." आणि हळद गायल्या. शोकसभेत. हॉलभर मोबाइल वर झाले. शेठचे चिरंजीव, धाकटे शेठ, हात जोडून उभे होते. व्हिडिओ चालू असताना त्यांना दुसरं काही करताही येईना. कागदवाल्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

जेवायला चांगुणाबाईंनी मला वेसाव्याला नेलं. बांबूंवर बोंबील वाळत होते, खाडीत होड्या डुलत होत्या. बोंबलाचं कालवण इतकं तिखट की डोळ्यांत पाणी आलं, त्या दिवसाचं पहिलं खरं.

"काढतील का हो दादा गाणं?"

"काढतीलही."

"मग परत दारोदारी म्हणीन," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

परतताना एसटीत झोप लागली नाही. ते गाणं मी दुकानात वर्षानुवर्षं वाजवलं. इंजिनाची ओळ मला पाठ होती, वेष्टनावरचं 'पारंपरिक'ही पाठ होतं. दोन्हींची गाठ कधी घातली नाही. शंकेखोर माणूसही एखादी जागा शंकेवाचून सोडतो. बहुधा तिथे त्याचं स्वतःचं दुकान असतं.