आपट्याची पानं आणि दोन सीटांची गाडी

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन आमच्या गावी, बोरीला गेलो. गाडी जुनी, पण मला नवी. पुण्याहून सोळा लाख चाळीस हजारांना घेतलेली, दोन दारांची, दोन सीटांची, गडद लाल. पूजेला हजर होते मी, माझी बायको, थोरला भाऊ, भावजय आणि गल्लीतले मोजता न येणारे लोक.

माझं मानवतला ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान आहे. मुलीचं लग्न झालं, घराचं कर्ज फिटलं, मग हा खर्च केला. कुणाचा एक रुपया घेतला नाही. तरीही गाडी आल्यापासून मला जणू चोरीचा माल घरात आणल्यासारखं उत्तर द्यावं लागत होतं. दादा तर पहिल्या दिवसापासून सुरूच होता.

"आरं, दोनच मानसं बसत्यात व्हय हिच्यात? मंग बैलगाडी काय वाईट व्हती?"

यावर माझी बायको गाडीत बसल्या बसल्या हळूच मला म्हणाली, "दोनच सीटा हायत म्हनून तर बरंय. तुमच्या घरचं कुनी मागं बसत न्हाई."

पूजा दादाच्या हट्टामुळे गावात झाली. हळदीकुंकू, नारळ, झेंडूचा हार इथवर माझी तक्रार नव्हती. पण नंतर दादाने गल्लीला हाक मारली आणि जो येईल तो सोनं म्हणून आपट्याची पानं समोरच्या काचेखाली ठेवायला लागला. वायपरच्या खाली अक्षता आणि पानांचा ढीग झाला. मी दोनदा म्हणालो, "दादा, एवढी नको, खाली फटी आहेत." त्यावर तो सगळ्यांसमोर ओरडला, "सोन्याला न्हाई म्हनायलास? सनासुदीचं?"  निघताना मी वरची पानं काढून टाकली. वरची तेवढीच.

जुनी गाडी म्हटल्यावर किरकोळ दुरुस्त्या आल्याच आणि मला त्यांची हौस होती. डावं दार लावताना दोनदा आपटावं लागायचं, त्याच्या कुलुपाची कडी थोडी सरकवली. डिकीतला दिवा लागत नव्हता, तारेचं टोक घासून साफ केलं. डॅशबोर्डमधून खडखड यायची ती आतल्या सुटलेल्या स्क्रूची निघाली. दुकान बंद केल्यावर रोज एखादं काम. त्या आठवड्यात मी जितका खूश होतो तितका गेल्या कित्येक वर्षांत नव्हतो.

मग मानवतच्या वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली. दुसऱ्या दिवशी बायकोने डाव्या सीटवर बसून पाय खाली ठेवले आणि लगेच वर घेतले. गालिचा भिजून पचपचीत झाला होता. दोन दिवस दारं उघडी ठेवून वाळवला. पुन्हा पाऊस झाला, पुन्हा पाणी. त्यानंतर वास सुटला. ओल्या गोणपाटाचा असतो तसा.

छत्रपती संभाजीनगरला एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या साहेबाने खाली वाकूनही पाहिलं नाही. टॅबवर बोट फिरवत म्हणाला, "एसीचं युनिट गेलंय. डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, कार्पेट नवीन. चौऱ्याऐंशी हजारांपर्यंत जाईल."

मी म्हणालो, "एसी बंद असताना पाणी येतंय. एसी नसतानाचं पाणी एसीतून कसं येईल?"

"सर, या गाड्यांना होतं असं."

"होतं असं" हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझ्या दुकानात शेतकरी येतो, म्हणतो एका ओळीला पाणी जात नाही. त्याला मी "होतं असं" म्हणून सगळा पाइप नवा विकला तर तो दुसऱ्या दिवशी चप्पल घेऊन येईल, आणि यावंच. मी त्यांना तपासणीचे अकराशे ऐंशी रुपये दिले, पावती घेतली आणि गाडी परत आणली.

चूक एवढीच केली की त्या रागात दादाला फोनवर सांगितलं, "गाडी डोक्याला ताप झालीय."

त्याला एवढंच हवं होतं. चौथ्या दिवशी त्याचा फोन. "गिऱ्हाइक हाय माज्याकडं. साडेबारा लाखाला घेतो म्हनायलाय. दे काढून. लोकं हसायलीत."

"साडेबारा? तीन लाख नव्वद हजारांचं नुकसान?"

"मंग ठेव वास घेत."

गिऱ्हाईक म्हणजे भावजयीच्या बहिणीचा मुलगा. परभणीला त्याचं टाइल्सचं दुकान. मी "विचार करून सांगतो" असंही म्हणालो नाही. फोन ठेवून दिला. पण खरं सांगायचं तर त्या रात्री मला भीती वाटली. वीस वर्षांचा असताना मासिकातला दोन दारांच्या गाडीचा फोटो मी कॉटच्या वर चिकटवला होता. ती गाडी एका ओल्या गालिच्यापायी जाणार आणि जन्मभर दादा ते सांगत फिरणार, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं.

रविवारी मी ठिबकच्या हिशेबाने विचार केला. आत पाणी आलं म्हणजे जिथून ते बाहेर जायला हवं तिथे अडलंय. एवढं साधं. समोरच्या काचेवरून येणारं पाणी काचेखालच्या जाळीत उतरतं आणि तिथून दोन नळ्यांनी पुढच्या चाकांमागे खाली पडतं. गालिचा काढला, बायकोला डाव्या सीटवर बसवलं आणि काचेच्या उजव्या कोपऱ्यावर तांब्याने पाणी ओतलं. चाकामागून धार लागली. मग डाव्या कोपऱ्यावर. चाकामागे एक थेंब नाही.

"आलं का आत?" मी विचारलं.

"आलं की वो, माज्या पायावर. पायच धुवायचे व्हते तर आंगनात बसवायचं."

जाळी उघडली. डाव्या कोपऱ्यात तिचा एक तुकडा मोडलेला होता आणि बरोबर त्याखाली आपट्याची पानं एकावर एक बसली होती, काळी पडलेली. मधे फुगलेल्या अक्षता आणि कुंकू यांचा लगदा. नळीचं तोंड त्याने असं बंद झालं होतं की मी बूच मारलं असतं तरी इतकं पक्कं बसलं नसतं. दुकानातली बारीक मायक्रोट्यूब आत घातली, ढोसली, वरून पाणी सोडलं. चाकामागे भसकन लाल पाणी पडलं. नंतर स्वच्छ.

मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त राग आला. ती पानं मी कॅरीबॅगेत भरली आणि तशीच गालिचा नसलेली गाडी घेऊन बोरीला गेलो.

दादा ओट्यावर चहा पीत होता. मी पिशवी त्याच्यासमोर उपडी केली.

"काय हाय हे?"

"तू दिलेलं सोनं. हे अडकलं होतं. एसी नाही, काही नाही."

त्याने एक पान उचलून पाहिलं आणि हसला. "म्हंजे गाडीत सोनं निघालं. लखपती झालास की."

"हसू नको. मी दोनदा सांगितलं होतं, पानं नको. आणि गाडी विकायची नाही, हे त्या पोराला आताच्या आता सांग."

दादाचं हसू गेलं. कप खाली ठेवला.

"त्याच्याकडून इसार घेतलाय म्या."

"किती?"

"अकरा हजार."

"कुणाला इचारून?"

"तूच म्हनलास ना, डोक्याला ताप झालीय."

"ताप झाली म्हणजे विकायला काढली का? तू जन्मभर माझ्या डोक्याला ताप आहेस, तुला इकलं का म्या कुनाला?" मीही गावच्या बोलीवर आलो होतो. "आण ते पैसे."

"न्हाईत. ट्रॅक्टरला बॅटरी टाकली."

आतून भावजय म्हणाली, "भावजी, च्या घ्या." मी चहा घेतला नाही. त्या घरी आयुष्यात पहिल्यांदा.

तिथून थेट परभणीला गेलो. टाइल्सच्या दुकानासमोर गाडी लावली तसा तो मुलगा बाहेर आला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, जणू त्याचीच आहे.

"काका, मी लोनची फाइल टाकलीय," तो म्हणाला. "इसार मोडायचा तर दुप्पट द्यावा लागतो. तुमाला ठाऊकच हाय."

"इसार मी घेतला नाही."

"तुमच्या भावानं घेतला ना? मावशीच्या नवऱ्याचं मी कशाला खोटं समजू?" त्याने दादाला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. रिंग जात राहिली, जात राहिली. कुणी उचलला नाही.

त्या मुलाचा हात अजून बॉनेटवर होता. उद्या तो चार माणसं घेऊन माझ्या दारात येणार, दादा त्यांच्यात बसणार आणि माझ्या गाडीचा निवाडा माझ्याच ओट्यावर होणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी म्हणालो, "आधी हात काढ. मग कागद घे आणि लिही, या गाडीवर तुझा कसलाही हक्क नाही. खाली सही कर."

त्याने हात काढला, दुकानाच्या बिलाच्या मागे लिहिलं, सही केली. मी दोनदा वाचलं. मग जे पैसे मी कधी घेतलेच नव्हते ते, अधिक तेवढेच वरचे, असे बावीस हजार रुपये माझ्याच गाडीसाठी माझ्या खात्यातून भावजयीच्या बहिणीच्या मुलाला दिले.