थडग्यातला लाल मणी

इतवारीच्या बाजारात लाल मण्यांची माळ दिसली की मला कॉलेजातला माझा उद्योग आठवतो. काटोल रस्त्याजवळ मोठ्या दगडांच्या वर्तुळात, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात, आमचं उत्खनन चाललं होतं. सरांची गंमत करायला मी बाजारातला एक मणी मातीत पुरला. तो सापडताच सर नाचायचेच बाकी राहिले आणि त्यांनी थेट नोंदवही उघडली! आता खोटी नोंद त्यांच्या नावावर जाणार, म्हणून माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात खोदकामावरच्या एका बाईंनी मणी उजेडात धरला. “सर, जुन्या मण्याले दोन्हीकडून भोक पाडत. याचं एकाच बाजूनं सरळ हाय, हा आजचा हाय. कोणाच्या माळेतला पडला असंन.” मी सुटलो. मग माझ्याजवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, “इथं कोणाचं तरी माणूस निजलं हाय गा. त्याच्यापाशी मस्करी काहून करून राहिला?” आता संग्रहालयात थडग्यातले मणी दिसले, की बोलत सुटलेला मी आपोआप गप्प होतो.