सर्व्हिसिंगला गेलेली गाडी

"पार्ट आला नाही अजून," आमचे हे मला सकाळी चहा देताना सांगायचे. पुण्याहून यायचाय म्हणे. मी म्हणायचे, बरं. आणि पिशव्या उचलून रस्त्याला लागायचे. किती दिवस मी हे 'बरं' म्हणत होते ते आठवलं की आजही माझा तिळपापड होतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं कामथडीला येऊन राहिलो. गाव ह्यांचं. मी पुण्यात एका सरकारी कचेरीत कारकून होते, हे कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. इथं आल्यावर कामांची वाटणी कुणी बसून केली नाही, ती होत गेली. ह्यांचे गुडघे दुखतात, आणि सायकलच्या पुढं ह्यांनी जन्मात काही चालवलेलं नाही. मला स्कूटर येत होती. तेव्हा उंबऱ्याच्या आतलं सगळं त्यांचं आणि बाहेरचं सगळं माझं. भाजी, कुकर, नळाला पाणी आलं की भरून घेणं, कपडे वाळत घालणं हे त्यांच्याकडे. दळण, गॅस, किराणा, बँक, औषधं, विहिरीवरची मोटार जळली की वायरमनला शोधून आणणं हे माझ्याकडे. शेजारच्या बायका सुरुवातीला पदराआड हसल्या. "काकी हिंडत्यात अन् काका भाकरी थापत्यात," असं एक जण माझ्या तोंडावरच म्हणाली. मी म्हटलं, खाऊन बघ एकदा. ह्यांच्या भाकऱ्या खरंच माझ्यापेक्षा चांगल्या होतात.

निवृत्त माणसाला कामं ती काय, असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी आठ दिवस इकडं येऊन राहावं. नसरापूर एका बाजूला, भोर दुसऱ्या बाजूला. भोरची बँक दहाला उघडते, पण ज्या साहेबांकडे काम असतं ते चहा पिऊन अकराला टेबलाशी येतात. तोवर औषधाचं दुकान उरकायचं. निघतानाच दळणाचा डबा गिरणीत टाकून जायचं, म्हणजे येताना पीठ तयार मिळतं. पण वीज गेली असली तर गिरणी बंद, मग दळणाच्या पायी दुसरी फेरी. गॅसवाला फोनवर 'उद्या' म्हणतो आणि आजच हायवेपर्यंत येऊन परत जातो, टाकी तिथून आपणच आणायची. एक काम अडलं की मागची सगळी अडतात. हे सगळं एका दमात जुळवून, पायाशी पिठाचा डबा आणि हुकाला पिशव्या लटकवून मी जेवणाच्या आत दारात गाडी लावली की मला जो अभिमान वाटायचा तो साहेबानं पाठ थोपटल्यावर कधी वाटला नव्हता.

आणि शनिवार अक्काचा असायचा. अक्का माझी थोरली बहीण. वेल्ह्याच्या अलीकडं डोंगराखाली एका वाडीत ती एकटी राहते. मुलगा चाकणला कंपनीत आहे, सणाला येतो. तिला आता लांबचं दिसत नाही आणि हात खांद्याच्या वर जात नाहीत. मी जायचे, तिला न्हाऊ घालायचे, नखं कापायचे, आठवड्याच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवायचे. मग पडवीत बसून दोघी नाचणीची भाकरी खायचो आणि गेल्या-मेल्या सगळ्यांची उणीदुणी काढायचो. एसटी मुख्य रस्त्यावर सोडते, तिथून वाडीपर्यंत चांगला चढ आहे, आणि परतीची गाडी कधी येईल याचा नेम नाही. स्कूटर होती म्हणून दर शनिवारी जमायचं. बाकीची कामं मी आधीच्या दिवसांत कोंबायचे ती ह्या एका दिवसासाठी.

दिवाळीनंतर एकदा हायवेच्या सर्व्हिस रोडवर कुणीतरी खडी सांडून ठेवली होती, तिच्यावरून चाक सरकलं आणि मी आडवी झाले. कोपर खरचटलं, ड्रेस गुडघ्यावर फाटला, अर्धा किलो साखर रस्त्यावर सांडली. उठले, गाडी उभी केली, चालू झाली, घरी आले. एवढंच. ह्यांनी हळद लावली आणि दोन दिवस फारसं बोलले नाहीत. मला वाटलं, घाबरलेत. होतील शांत.

मग एका सकाळी म्हणाले, "गाडीचा आवाज वेगळाच येतोय. मी गॅरेजवाल्याला घरी बोलावलंय. तुला उगाच हेलपाटा कशाला?" मला त्या माणसाचं किती कौतुक वाटलं होतं! गाडीचं चाकसुद्धा ज्यांना नीट फिरवता येत नाही, त्यांना तिचा आवाज ऐकू येतो म्हणजे माझ्याकडं लक्ष आहे, असं मनात आलं. मी डिकीतला रेनकोट, पिशव्या, सुतळी काढून घेतली, फडक्यानं आरसे पुसले आणि किल्ली माझ्या हातानं गॅरेजवाल्याच्या हातात दिली. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. खाली मान घालून गाडी सुरू केली आणि गेला.

पुढचे दिवस माझे फार वाईट गेले. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. भोरला जायचं म्हणजे एसटीची वाट बघण्यात सकाळ जायची. पीठ गिरणीतून घरापर्यंत डोक्यावर आणलं तेव्हा मान आखडली. गॅस दोनदा परत गेला. एक काम करून येईपर्यंत दुसऱ्याची वेळ टळायची. हे माझ्या मागं-पुढं करायचे. चहात आलं जास्त घालायचे, रात्री पायाला तेल लावून द्यायचे, आणि मी विचारलं की माझ्यासमोर गॅरेजला फोन लावायचे. "काय रे बाबा, त्या पार्टचं काय झालं? अरे आमच्या मंडळींची फार गैरसोय होतेय." मग पलीकडचं ऐकल्यासारखं थांबून, हं हं करून फोन ठेवायचे. पलीकडं कुणी नव्हतंच, हे मला नंतर कळलं. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांना नाटक करता येतं हे मला माहीत नव्हतं.

शनिवार चुकत गेले. अक्काला फोन केला की ती म्हणायची, "आसू दे गं. सवडीनं ये. माझं काय अडलंय?" तिचं सगळंच अडलेलं असणार, हे मला ठाऊक होतं. वाढलेली नखं घेऊन ती पडवीत बसली असेल, या विचारानं मला घास जायचा नाही.

एक दिवस नसरापूरच्या बाजारात मी कांदे निवडत होते आणि शेजारी माझी गाडी उभी दिसली. आधी वाटलं, रंग तोच आहे, दुसरी कुणाची असेल. पण सीटवर पोपटी फुलांचं कव्हर होतं. आमच्या पुण्याच्या घराच्या पडद्यातून ते मीच शिवलं होतं. असलं कव्हर अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या गाडीला असणं शक्य नव्हतं.

एवढ्यात एक तरुण बाई कोथिंबिरीची जुडी घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, जरा सरकता का? गाडी काढायचीय."

"ही तुमची गाडी?" मी विचारलं.

"व्हय. जुनीच घेतली. कामथडीच्या एका आजोबांची हाये. त्यांच्या मिशेसला आता न्हाई म्हनं जमत चालवायला."

गाडी विकली होती, आणि मी गावोगाव हातात पिशव्या घेऊन पार्टची वाट बघत होते. आणि मला 'जमत नाही' होतं. हे वाक्य ह्यांनी एका परक्या बाईला सांगितलं होतं, माझ्याशी मात्र पार्ट-पार्ट खेळत होते.

त्या बाईचा काय दोष? उलट माझं तोंड उतरलेलं बघून ती म्हणाली, "चक्कर येतीया का? बसा मागं, सोडते तुमाला. मी हायवेकडंच चाललेय." आणि मी बसले. का बसले ते मला आजही सांगता येत नाही. माझ्याच गाडीवर, माझ्याच पडद्यावर, मांडीवर कांदे घेऊन मी मागं बसले. "घट्ट धरा हां मावशी," ती म्हणाली. गाडी उत्तम चालत होती. आवाजबिवाज काही नव्हता.

घरी आले तेव्हा हे अंगणात तांदूळ निवडत होते. मी विचारलं, "आला का हो पार्ट?"

"आत्ताच फोन केला होता. उद्या-परवा म्हणतोय."

"मी तिच्यावरच बसून आले," मी म्हणाले.

ह्यांच्या हातातलं सूप कलतं झालं. तांदूळ सांडले, ते गोळा करायला लागले. मी ओरडले, तांदूळ राहू द्या, माझ्याकडं बघा. मग म्हणाले, "तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? मला तर दवाखान्यापर्यंतसुद्धा नेता आलं नसतं." डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं ते, मला दिसत होतं. पण मला त्या पाण्याचाही राग आला. भीती वाटत होती तर भांडायचं होतं माझ्याशी. भांडणात मी हरलेही असते कदाचित. मला भांडूच दिलं नाही, ह्याचा राग होता.

मी पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलाला फोन लावला. वाटलं, तो तरी बापाला चार शब्द सुनावेल. तो शांतपणे म्हणाला, "आई, अगं, गिऱ्हाईक मीच शोधलं. आणि गाडी बाबांच्याच नावावर होती ना?" होती. घेताना इथल्या पत्त्याचे कागद फक्त ह्यांचे तयार होते, म्हणून मीच म्हटलं होतं, करा ह्यांच्या नावावर, काय फरक पडतो? मी फोन ठेवून दिला. म्हणजे बाप, लेक, गॅरेजवाला, सगळे मूग गिळून बसले होते, आणि रोज सकाळी मी एकटीच विचारत होते, आला का पार्ट.

त्या शनिवारी मी कुणाला न विचारता घरातून निघाले. नसरापूरला वेल्ह्याची एसटी धरली, उतरून चढ चढले. दोनदा दगडावर बसावं लागलं. पिशवीत शिकेकाई होती, नेलकटर होता, गोळ्या होत्या. पण मी त्यासाठी चालले नव्हते. माझ्या बाजूचं असं एकच माणूस उरलं होतं आणि मला तिच्यापुढं पोटभर रडायचं होतं.

अक्का पडवीत बसली होती. मी तिच्या शेजारी बसून सगळं ओतलं. तिच्यापुढं माझी बोली आपोआप माहेरची होते. "अक्का, फशिवलं गं मला. नवऱ्यानं फशिवलं, पोरानं फशिवलं," असं म्हणत मी तिचा हात धरला. हात मऊ होता, तेल लावलेला. नखं कापलेली होती. डोक्याला शिकेकाईचा वास येत होता.

मी बोलायची थांबले.

अक्का म्हणाली, "त्यांच्याव नगं चिडू. म्याच सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं व्हतं?"

"गाडी इकून टाका म्हनून. तू पडलीस तवा पाव्हण्यांचा फोन आल्ता. रडत व्हतं बिचारं. म्या म्हनलं, तिला इचारू नगा, ती न्हाई ऐकायची. ल्हानपनापसनं कुनाचं ऐकलंय तिनं? गुमान इकून टाका. दर शनवारी तू येऊस्तवर अन् माघारी पोचल्याचा फोन येऊस्तवर म्या फोन हातात धरून बसायची. मला न्हाई सोसत आता."

"अन् तुझं न्हानं? गोळ्या?"

"शेजारची सून करती. तिला म्या आदीच सांगून ठिवलंय. चांगलं करती गं. तू नगं काळजी करू."

ती माझी समजूत काढत होती. ऊन-वाऱ्यातून मी जिच्यासाठी येत होते, जिच्या नखांच्या काळजीनं मला जेवण जात नव्हतं, तिनं माझी जागा शेजारच्या सुनेला केव्हाच देऊन टाकली होती, आणि फोनवर मला 'सवडीनं ये' म्हणत होती. नवऱ्याचं एक वेळ समजलं असतं. हे मला समजलं नाही, अजूनही समजलेलं नाही.

मी हात सोडवून घेतला. उठले, पिशवी घेतली, अंगणात येऊन चपला घातल्या. मला तिच्यापासून, त्या पडवीपासून, सगळ्यांपासून तडक निघून जायचं होतं. फाटकापर्यंत गेले. खाली रस्ता पार रिकामा दिसत होता. परतीची एसटी दुपार कलल्याशिवाय नव्हती.

"गेलीस का गं?" अक्कानं विचारलं. तिला अंगणातलं दिसत नाही.

"कशानं जाऊ?" मी म्हणाले, आणि चपला काढून परत तिच्याजवळ येऊन बसले.